तिरप्या नजरेचा धूमकेतू

आमच्या घरात एक नियम होता. दुर्बिणीतून धूमकेतू पाहून झाला की तो किती तेजस्वी वाटला त्याचा आकडा ज्याने त्याने आपल्या तळहातावर बॉलपेनने लिहायचा, मूठ मिटायची आणि दुसऱ्याचं लिहून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग लाल कागद बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात दोघांनी एकदम मुठी उघडायच्या. हा नियम माझ्या तोंडामुळे करावा लागला. सुरुवातीला मी डोळा लावल्या लावल्या आकडा ओरडून सांगायचे, आणि मग माझ्या नवऱ्यालाही नेमका तोच आकडा दिसायचा. "बायकोसंगं भांडण्यापरीस धूमकेतू तिच्या मनासारखा दिसलेला बरा," असं ते म्हणायचे. विज्ञान असं चालत नाही म्हणून मी चिडायचे. शेवटी त्यांनीच ही मुठींची तोड काढली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले, आणि मी म्हटलं, उघडली की कळेलच कितीची ते.

मी भोरची. वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. हे पालीच्या अलीकडच्या वस्तीतले. आधी नसरापूर-वेल्हे रस्त्यावर जीप चालवायचे, मग पोरांना शाळेत ने-आण करणारी पिवळी व्हॅन घेतली. आकाशाचं खूळ माझं. शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून मी आरशाची एक दुर्बीण करवून घेतली आणि तिच्यावर डोळा बसला यांचा. दुर्बिणीची नळी म्हणजे सुताराने ठोकून दिलेला प्लायवूडचा लांब चौकोनी डबा. तो अंगणात पाहून शेजारणीने विचारलं होतं, ह्यात तांदळाला कीड लागत न्हाई ना? मी तिला शनी दाखवला. तिने पाहिला, बरा आहे म्हणाली आणि पुन्हा तांदळावर आली.

आमच्या पाठीशी राजगड असल्यामुळे हायवेचा उजेड अंगणात येत नाही. पश्चिमेला तोरण्याच्या रांगेपर्यंत आभाळ मोकळं. शनिवारी गडावर निघालेल्या ट्रेकरांच्या गाड्यांचे दिवे तेवढे डोळ्यांत घुसतात. त्या वेळी मी अंगणातून जे बोलते ते गाडीच्या काचा बंद असल्याने त्यांना ऐकू जात नाही, हे त्यांचं नशीब.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही ज्या धूमकेतूच्या मागे होतो तो फार लांबचा होता. गुरूइतका लांब, तिथून सावकाश आत येणारा. नुसत्या डोळ्यांनी तो कुणालाच दिसत नव्हता आणि पेपरात त्याचं नावही येत नव्हतं. अशा धूमकेतूची कक्षा एकदा ठरली की तो कोणत्या संध्याकाळी कुठल्या ताऱ्याच्या शेजारी असेल हे आधीच काढता येतं. ते काम माझं. मी त्याचा तक्ता छापून आणायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवायचे. त्या तक्त्यात अपेक्षित तेजाचाही एक रकाना असतो, तो मी कात्रीने कापून टाकायचे. कारण जागा हिशोबाने सापडते, तेज नाही सापडत. धूमकेतू म्हणजे धूळ भरलेला बर्फाचा गोळा, तो कधी किती उजळेल ही त्याची मर्जी. म्हणून माणसांनी रोज डोळ्यांनी पाहून आकडे कळवायचे असतात. पुण्यात एक सर आहेत, ते गावोगावच्या हौशी लोकांचे असे आकडे गोळा करून आलेखावर मांडतात. आम्ही दोघं आमचे आकडे त्यांना पाठवायचो.

आकडा काढायची रीत अशी. धूमकेतू दिसतो पुसट डागासारखा आणि तारा दिसतो ठिपका. ठिपक्याची आणि डागाची तुलना कशी करणार? म्हणून दुर्बिणीचा फोकस जरा बिघडवायचा, म्हणजे तारेही फुगून डागाएवढे होतात. मग जवळचा एक त्याच्याहून उजळ तारा घ्यायचा, एक मंद घ्यायचा आणि आपला पाहुणा दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. आकडा जितका मोठा तितका धूमकेतू मंद. आमचा तेव्हा बाराच्या आसपास होता, म्हणजे दुर्बिणीतूनही जेमतेम.

आणि इतकी मंद वस्तू सरळ बघून दिसतच नाही. डोळ्याच्या मधल्या भागाला अंधारात फारसं कळत नाही, कडेच्या भागाला कळतं. म्हणून नजर शेजारच्या ताऱ्यावर ठेवायची आणि लक्ष धूमकेतूवर. आम्ही त्याला तिरपी नजर म्हणतो. हे सुरुवातीला कुणालाच जमत नाही. यांना पहिल्याच दिवशी जमलं. बघायचं एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे, ही विद्या तुम्ही लग्नाआधी कुठे शिकलात, असं मी विचारायचे. त्यावर ते नुसते हसायचे. तिरप्या नजरेने पाहताना त्यांची मान किंचित उजवीकडे कलायची आणि तोंड थोडं उघडं राहायचं. त्यांचं ते ध्यान मला फार आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाव खाल्ला असता.

गणपतीच्या आधीपासून एक वाक्य घरात फार ऐकू येऊ लागलं होतं. "कुठनं आलं हे?" दाराच्या चौकटीला खांदा लागला की, कुठनं आलं. पाण्याची घागर पायाने लवंडली की, हितं कुणी ठेवली. मी प्रत्येक वेळी भांडले, कारण घागर जिथे तीस वर्षं असते तिथेच होती. एकदा संध्याकाळी मोटारसायकलवाला डावीकडून पुढे गेला, तर हे दचकून ब्रेकवर उभे राहिले आणि त्यालाच शिव्या घातल्या. मी चष्म्याचा नंबर तपासायला नसरापूरच्या दुकानात पाठवलं. परत आले ते छाती काढून. "तक्त्यावरची शेवटची वळ वाचली म्या. तो पोरगा म्हणला, काका, तुमची नजर माझ्यापरीस चांगली." जो माणूस शेवटची ओळ वाचतो त्याला काय म्हणायचं?

मग बाजाराचा दिवस आला. मला वेल्ह्याला जायचं होतं म्हणून सकाळी मी व्हॅनमध्ये यांच्या शेजारी बसले. व्हॅनचं दार डाव्या बाजूला. वरच्या वस्तीपाशी पोरं चढली, दार लागलं, तेवढ्यात सगळ्यांत लहान मुलीची पाण्याची बाटली खिडकीतून खाली पडली. पहिलीतली पोरगी ती. कुणाला न विचारता दार सरकवून उतरली, बाटली घरंगळत पुढे गेली होती तिच्या मागे गेली, आणि बाटली उचलून व्हॅनच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी उभी राहून झाकण बघू लागली. पूर्ण उभी होती. तिच्या लाल रिबिनी मला काचेतून दिसत होत्या. यांनी गिअर टाकला आणि क्लच सोडला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. गाडी आचका देऊन थांबली. मुलीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिला कळलंही नव्हतं. तिच्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर असेल नसेल.

"कुठनं आली ही?" ते म्हणाले.

मी उतरले, तिला उचललं, आत बसवलं. पोरं शाळेत गेल्यावर मी तोंड उघडलं आणि मग बराच वेळ मिटलं नाही. तुम्हाला दिसत नाही, गाडी आजपासून बंद, डॉक्टरकडे चला. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात न काढता ऐकून घेतलं.

"पोर खाली वाकली व्हती. कुणालाबी दिसली नसती."

"ती उभी होती. मला दिसली."

"तू डाव्या बाजूला बसलीस म्हनून दिसली. त्या चष्म्यावाल्या पोरानं नजर तपासली का न्हाई माझी? शेवटची वळ वाचली म्या."

आता ती मुलगी खरंच वाकली नव्हती अशी शपथ मी घेऊ शकले असते. पण नजर तपासून आलेल्या माणसापुढे माझी शपथ किती पुरणार? मी गावात काय सांगणार होते? आया या माणसाच्या गाडीत निर्धास्तपणे पोरं बसवतात. पावसात पूल पाण्याखाली गेला तर दोन्ही हातांत दोन पोरं धरून यांनी पलीकडे नेलेली आहेत. मी आधी बोंब मारली आणि मागून नजर ठीक निघाली, तर त्यांच्या नावाला लागलेला डाग कोण पुसणार होतं? आणि मी गप्प बसले, तर? त्या 'तर'च्या पुढचा विचार माझ्याने होत नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी रोज व्हॅनमध्ये जाऊन बसू लागले. सकाळी आणि संध्याकाळी, डावीकडच्या पुढच्या सीटवर. घरात बसून गुडघे आखडतात असं मी सगळ्यांना सांगितलं. गावाला फुकटची करमणूक झाली. म्हातारपणी नवरा-बायकोला फिरायची हौस आली, असं पारावर बोललं जाऊ लागलं. बोलेनात का. मी डोळ्यांत तेल घालून डावी बाजू बघत होते. "म्हैस आहे." "सायकल येतेय." "थांबा, पोरगं उतरलं नाही." ते एका शब्दानेही चिडले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तीस वर्षं ज्या माणसाने शेजारी बसून सूचना देणाऱ्याला खाली उतरवलं, तो माझं निमूट ऐकत होता.

संध्याकाळी पोरं सोडून आलो की चहा घेऊन दुर्बीण. अंधार पडल्यावर तासाभरात धूमकेतू तोरण्याच्या रांगेकडे कलायचा, तेवढ्यात काम उरकायचं. आमचे आकडे जुळत होते. कधी माझा थोडा कमी, कधी थोडा जास्त, पण त्यांचा नेहमी जवळपास. त्यामुळे मला धीर यायचा. ज्याला बाराव्या प्रतीचा धूमकेतू दिसतो त्याला म्हैस दिसणार नाही का? मी रोज मुठी उघडताना तो आकडा अधाशासारखी बघायचे आणि रोज स्वतःची समजूत घालायचे.

दिवाळीनंतर पुण्याच्या सरांचा मेसेज आला. माझ्या मिस्टरांचं कौतुक होतं. त्यांचे आकडे इतके सुबक येतात की आलेखाची रेघ त्यांच्यावरूनच ओढावी, बाकीच्यांचे सगळे वरखाली उड्या मारतात. मी तो मेसेज यांना वाचून दाखवला. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते उठून परड्यात गेले.

मेसेज मी परत वाचला आणि 'सुबक' या शब्दावर अडले. सगळ्यांचे आकडे उड्या मारतात, कारण डोळा उड्या मारतो. एक दिवस हवेत धूळ असते, एक दिवस आपण दमलेले असतो, एक दिवस चहा जास्त झालेला असतो. माझे आकडे पाहिले तर मी कोणत्या दिवशी कुणाशी भांडले तेही ओळखता येईल. खऱ्या डोळ्याने पाहिलेलं कधी सरळ रेषेत येत नाही. सरळ रेषेत फक्त हिशोब येतो.

त्या संध्याकाळी मी धूमकेतूकडे कमी आणि यांच्याकडे जास्त पाहिलं. ते डोळा लावून वाकले. मान कलली नाही. तोंड बंद होतं. बँकेच्या खिडकीतून आत बघावं तसे ते सरळ बघत होते. नेहमीइतका वेळ घेतला, बाजूला झाले, हातावर लिहिलं. मूठ उघडल्यावर आकडा माझ्या आकड्याच्या जवळच होता. मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे काय ते त्यांना समजायला हवं होतं, आणि मला वाटतं समजलं होतं.

तरीही हा पुरावा नव्हता. मान कलली नाही म्हणून कुणाची गाडी बंद करता येत नाही. पुढे चंद्र मोठा झाला आणि त्याच्या उजेडात धूमकेतू दिसेनासा झाला. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पहाटे उठायचं, व्हॅनमध्ये बसायचं, डावीकडे बघायचं, परत यायचं. मी डॉक्टरचं काढलं की ते म्हणायचे, "पुढल्या आठवड्यात." भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, जेवण टाकून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात नोव्हेंबर संपत आला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत असा दाखला बँकेत जाऊन द्यावा लागतो आणि माझी बँक भोरला. मी आज-उद्या करत शेवटच्या दिवसावर आणून ठेवलं होतं, कारण मी भोरला गेले तर व्हॅनमध्ये माझ्या जागी कोण बसणार? आता टाळता येत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळी पोरं घेऊन एकटे जाणार होते. पेन्शन गेली खड्ड्यात, मी येते, असं मी म्हणून पाहिलं. "यडी का काय," ते म्हणाले, "एक दिवसाचं तर हाय." त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

नेमकी त्याच संध्याकाळी चंद्र उशिरा उगवणार होता आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दुर्बीण मी लावली. तक्त्यावरून जागा काढली, तारे ओळखले, धूमकेतूच्या शेजारचा तारा मधोमध आणला आणि बाजूला झाले. हे सगळं वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून; मोठीतून मी पाहिलं नाही, कारण मुठींचा नियम झाल्यापासून आधी ते पाहणार अशी आमची रीत. ते वाकले. मान सरळ. मी ओट्याच्या कडेला बसून उद्याचा विचार करत होते. ते बाजूला झाले, अंगठ्याने पेनाचं टोपण काढलं, हातावर लिहिलं आणि मूठ मिटून उभे राहिले.

मग मी डोळा लावला.

मला आधी वाटलं, मी भलत्याच जागी दुर्बीण लावली. जिथे रोज जीव काढून एक पुसट डाग शोधावा लागायचा, तिथे एक गोल, भरीव, पांढरा गोळा होता. सरळ पाहिला तरी दिसत होता. तिरप्या नजरेची गरजच नव्हती. मी शेजारचे तारे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. जागा बरोबर होती. कधीकधी असे लांबचे धूमकेतू एकाएकी फुटल्यासारखे उजळतात, आतला वायू कवच फोडून बाहेर येतो आणि धुळीचा लोट उठतो. हे मी वाचलं होतं, कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण नियम. आणि मनात आलं, धन्य आहे या माणसाची! हे असं बघूनही चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही. मी दुर्बीण बिघडवून तारे ताडले, आकडा हातावर लिहिला. जुन्या सवयीने हात बारा लिहायला निघाला होता, तो दहाच्या आसपास थांबला.

"उघडा," मी म्हटलं.

त्यांच्या हातावर रोजचाच आकडा होता. चंद्राच्या आधी जो असायचा त्याच्यापेक्षा किंचित खाली उतरलेला, धूमकेतू हळूहळू जवळ येतो म्हणून जेवढा उतरायला हवा तेवढाच.

मी माझा हात उघडून धरला होता. त्यांनी तो वाचला. अक्षरं त्यांना दिसत होती, त्याबद्दल वादच नव्हता. त्यांनी माझा आकडा पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला त्यांची इतकी दया आली की मीच त्यांना वाट काढून दिली. दुर्बिणीतलं दृश्य पृथ्वी फिरते तसं सरकत राहतं. कुणी ते परत मधोमध आणलं नाही तर धूमकेतू बाहेर जातो. मी म्हटलं, "तुमच्या वेळी सरकला असेल. तुम्हाला सापडलाच नसेल."

हो म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं. देवाशप्पथ मान्य केलं असतं, आणि सकाळी भोरला गेले असते.

त्यांनी दुर्बिणीच्या डब्यावर हात ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "सरकला न्हवता. मदलं चांदणं बराबर जागेवर व्हतं. चांदण्या दिसत्यात मला. बाजूचं काय दिसत न्हाई, आन् ह्यो सरळ बघून कधी दिसतच न्हवता, म्हनून तिकडं नजर नेलीच न्हाई. पावसाळा सरल्यापास्नं ह्यो धूमकेतू म्या बघितलेलाच न्हाई."

"मग आकडे?"

"अंदाजानं. तुजे आदले आकडे बघून. इतक्या वर्सांचा अंदाज हाय की."

"आणि गाडी?"

त्यांनी मूठ परत मिटली. "ती बी अंदाजानंच. रस्ता पाठ हाय." मग थांबून म्हणाले, "ती पोर वाकली न्हवती. मला म्हाईत हाय. तू वरडल्यावर दिसली."

मला वाटलं होतं की हे कबूल करतील तेव्हा मी त्यांना फाडून खाईन. आणि खाल्लंच. वस्तीभर ऐकू जाईल इतकं बोलले. वीतभर, मी म्हटलं, वीतभर अंतर होतं, आणि तुम्ही इतके दिवस! पोरांच्या आयांना काय तोंड दाखवलं असतं आपण? शेजारीण बाहेर येऊन बघून गेली. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि मी बोलता बोलता रडायला लागले. भीतीने रडले, रागाने रडले, आणि त्या मान न कलणाऱ्या माणसासाठीही रडले. हे सगळं एकदम आलं, वेगळं करता येत नाही.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला काचबिंदू म्हटलं. कडेची नजर आधी खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून तक्त्याची शेवटची ओळ वाचता येते. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते औषधाने राखायचं. त्या संध्याकाळी आम्हाला ते नाव माहीत नव्हतं. आम्हाला फक्त दोन आकडे माहीत होते.

मी पुण्याच्या सरांना कळवायला मोबाईल घेतला. धूमकेतू उजळल्याची बातमी लगेच द्यायची असते, म्हणजे इतरांनाही पाहता येतं. "माजे आकडे काढून टाकायला सांग," ते मागून म्हणाले. "ह्या साली दिलेले समदे." कारण काय लिहू, मी विचारलं. "काय खरं हाय ते लिव्ह." मी लिहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पोरांच्या घरच्यांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं की उद्यापासून व्हॅन येणार नाही, मला बाजूचं दिसत नाही, पोरांची दुसरी सोय करा. एकदा बोलताना आवाज अडकला, तर ते पुसून पुन्हा पहिल्यापासून बोलले.

सकाळी मी भोरला जायच्या तयारीत होते. हे ओट्यावर पाय सोडून बसले होते, गाडी समोर झाकून ठेवलेली. तेवढ्यात वरच्या वस्तीवरून ती लहान मुलगी दप्तर घेऊन धावत आली. तिचा बाप शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला, घरातला एकुलता मोबाईल त्याच्यापाशी, त्यामुळे तिच्या घरी काही कळलं नव्हतं. ती येऊन सवयीने यांच्या डाव्या हाताला उभी राहिली.

"आजोबा, गाडी का न्हाई आली?"

ते समोर बघत म्हणाले, "आजपास्नं न्हाई यायची बाळा. मला बाजूचं दिसत न्हाई. तू बी दिसत न्हाईस."

"मी हितंच हाय की!" ती म्हणाली. तिला हा खेळ वाटला. एक पाऊल पुढे सरकून तिने विचारलं, "आता?"

त्यांनी मान वळवली नाही, नजरही हलवली नाही. दुर्बिणीशी खरं काम करताना जसे असायचे तसे स्थिर बसले. "न्हाई."

आणखी एक पाऊल. "आता?"

"न्हाई."

मी पिशवी हातात धरून दारात उभी होते. इतके दिवस मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून डोळे फाडून बघत होते, मला वाटत होतं की त्यांचं किती गेलंय ते मला कळलंय. मुलगी त्यांच्या खांद्याच्या पुढे गेली, गुडघ्याच्या पुढे आली, हसत हसत विचारत राहिली आणि ते न्हाई म्हणत राहिले. ती जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आली, हात लांब केला असता तर त्यांच्या मिशीला लागला असता.

"आता?"

"आता दिसलीस," ते म्हणाले.

तिने टाळी वाजवली. मी ती जिथून निघाली होती ती जागा पाहिली आणि आता उभी होती ती जागा पाहिली. त्या दोन जागांच्या मधे आमच्या व्हॅनमधली सगळी पोरं उभी राहिली असती.